पत्त्यातली रिकामी जागा

खेड कुठे आहे? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातली मुले लगेच जगबुडी नदीकाठच्या खेडचे नाव घेतील. पुणे जिल्ह्यातली मुले मात्र भीमेकाठचे खेड, म्हणजे राजगुरुनगर सांगतील. दोन्ही तालुक्याची ठिकाणे, आणि दोघांचेही उत्तर बरोबर. चूक असलीच तर ती प्रश्नात आहे. 'खेड' एवढ्या माहितीवरून ठिकाण ठरतच नाही.

आता १९७१ साली मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या एखाद्या चाकरमान्याची कल्पना करा. तो महिन्याच्या पगारातून घरी मनिऑर्डर करतो. त्या काळी रत्नागिरी हा मनिऑर्डरवर चालणारा जिल्हा म्हणूनच ओळखला जाई. (टपाल खात्याची ती जुनी मनिऑर्डर २०१५ साली बंद झाली.) फॉर्मवर त्याने वाडीचे नाव लिहिले, गावाचे लिहिले, 'तालुका खेड' असेही लिहिले, पण जिल्हा लिहायचा राहिला. मुंबईच्या टपाल कचेरीत पत्रे लावणाऱ्या माणसाने आता काय करायचे? अनुभवी असेल तर वाडीच्या नावावरून तो ओळखेल. नवा असेल तर पैसे भलत्याच खेडची वाट धरतील, आणि इकडे घरी वाण्याची उधारी आणखी आठ दिवस लांबेल.

ही अडचण देशभर होती. एकाच नावाची गावे अनेक, लिप्या अनेक, हस्ताक्षरे तर माणसागणिक वेगळी. तिच्यावर जे उत्तर निघाले ते आज आपण रोज वापरतो. त्याच उत्तरातली कल्पना पुढे संगणकाच्या जाळ्यात, अगदी वेगळ्या माणसांच्या हातून, वेगळ्या रूपात उभी राहिली. या दोन गोष्टी एकमेकींतून जन्मल्या असे मुळीच नाही. पण पहिली समजली की दुसरी समजायला फार सोपी जाते. म्हणून आधी टपालाचीच गोष्ट पाहू.

सहा अंकांची वाट

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर. कोकणात जन्मलेले वेलणकर (१९१५-१९९९) तेव्हा केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते. ते संस्कृतचे कवीही होते. सुलट वाचले तर रामाची आणि उलट वाचले तर कृष्णाची स्तुती निघावी असे विलोमकाव्य त्यांच्या नावावर आहे.

वाचायची दिशा बदलली की अर्थ बदलतो, हे त्या कवीला चांगलेच माहीत असणार. पिनकोडमध्येही दिशेलाच महत्त्व आहे. आपण पाकिटावर पत्ता कसा लिहितो? आधी माणसाचे नाव, मग घर, वाडी, गाव, तालुका, शेवटी जिल्हा. म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे. पण पत्राला प्रवास करायचा असतो तो मोठ्याकडून लहानाकडे. मुंबईत बसलेल्या माणसाला वाडीशी काही कर्तव्य नसते. पत्र कोणत्या थैलीत टाकायचे एवढेच त्याला हवे असते, आणि ते लिहिलेले असते सर्वांत शेवटच्या ओळीत. पिनकोडने हा क्रम उलटा केला. त्यात सर्वांत मोठी गोष्ट सर्वांत आधी येते.

रत्नागिरी शहराचा पिन आहे ४१५६१२. तो असा वाचायचा. पहिला अंक ४ म्हणजे विभाग. देशाचे असे आठ भौगोलिक विभाग आहेत आणि ९ हा आकडा लष्करी टपालासाठी राखलेला आहे. पहिले दोन अंक मिळून ४१ म्हणजे उपविभाग. ४० पासून ४४ पर्यंतचे आकडे महाराष्ट्रात येतात. पहिले तीन अंक मिळून ४१५ म्हणजे टपालाची वर्गवारी करण्यासाठी आखलेला टापू. शेवटचे तीन अंक ६१२ म्हणजे पत्र वाटणारे टपाल कार्यालय. रत्नागिरीतल्या खेडचा पिन ४१५७०९ आणि पुण्याकडच्या खेडचा ४१०५०५. नावे एकच असली तरी तिसऱ्या अंकालाच वाटा फुटल्या.

यातली खुबी कोणती? दिल्लीच्या माणसाने फक्त पहिला अंक वाचला तरी त्याचे काम भागते. पुढच्या मुक्कामाला पुढचे अंक लागतात. शेवटचे तीन अंक पत्र जवळ येईपर्यंत कुणालाच वाचावे लागत नाहीत. प्रत्येक मुक्कामाने आपल्यापुरते वाचायचे आणि उरलेले पुढच्याच्या हवाली करायचे. संपूर्ण देशाचा नकाशा कुणा एकाच्या डोक्यात असण्याची गरज उरली नाही.

'पुणे ३०' या पत्त्याचे पुढे काय झाले?

पिनकोडच्या आधी मोठ्या शहरांत आकडे नव्हते असे नाही. लंडनमध्ये टपालाचे विभाग १८५०च्या दशकातच पडले होते. आपल्याकडेही 'मुंबई ४' किंवा 'पुणे ३०' असे लिहीत. गिरगावची जुनी पाकिटे किंवा सदाशिव पेठेतल्या प्रकाशकांची जुनी पुस्तके उघडलीत तर हे आकडे दिसतील. आजचे पिन पाहा: गिरगाव ४००००४, सदाशिव पेठ ४११०३०. जुना आकडा पिनच्या शेपटाला तसाच राहिला आहे.

मग नवे काय झाले? '३०' या आकड्याला पुण्यात अर्थ होता, पुण्याबाहेर नव्हता. सोबत 'पुणे' असे लिहिले नाही तर तो पोरका. ४११०३० मात्र देशात कुठूनही पाठवा, स्वतःच्या बळावर पोचतो. पहिला पत्ता सापेक्ष होता, दुसरा निरपेक्ष झाला.

आणखी एक गंमत नकाशावर पाहण्यासारखी आहे. रत्नागिरी आणि चिपळूण (४१५६०५) यांचे पहिले तीन अंक सातारा (४१५००१) आणि कराड (४१५११०) यांच्याशी जुळतात. पण त्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा (४१६७०१) आणि राजापूर (४१६७०२) यांचे अंक जुळतात कोल्हापूरशी (४१६००१). कारण ही आखणी टपालाच्या सोयीची आहे, महसुली जिल्ह्याची नाही. सावंतवाडी १९७२ साली रत्नागिरी जिल्ह्यातच होती. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तरी सावंतवाडीचा ४१६५१० हा आकडा पहिल्या तीन अंकांनी आजही कोल्हापूरशीच जोडलेला आहे. गोवा १९८७ साली वेगळे राज्य झाले, पण पणजीचा पिन ४०३००१ मुंबईच्या ४० मध्येच आहे.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यायची. पिनकोड सांगतो ती वाट. २०२५ साली टपाल खात्याने 'डिजिपिन' नावाची नवी पद्धत आणली. तिच्यात सुमारे ४ मीटर लांब-रुंद चौकोनाला अक्षरे आणि अंक मिळून १० चिन्हांची खूण मिळते. ती सांगते ती जागा. वाट आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साचा आणि रिकामी जागा

आता संगणकाकडे वळू. त्याआधी फळ्यावर एक वाक्य लिहा:

_____ तालुक्यात पाऊस किती पडला?

हे वाक्य म्हणजे साचा. रिकाम्या जागी 'खेड' लिहा, 'दापोली' लिहा, 'मंडणगड' लिहा. प्रत्येक वेळी प्रश्न नवा, पण साचा तोच. अशा रिकाम्या जागेत भरल्या जाणाऱ्या मूल्याला संगणकाच्या भाषेत पॅरामीटर म्हणतात. गणिताच्या पारिभाषिक मराठीत त्याला प्राचल असा शब्द आहे. पिनकोडचा साचा सहा खणांचा; ४१५६१२ हे त्या खणांत भरलेले मूल्य.

माहितीच्या जाळ्यात, म्हणजे वेबवर, प्रत्येक पानाला पत्ता असतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत ही कल्पना मांडली. पत्ते कसे लिहायचे याचे नियम १९९४ साली प्रसिद्ध झाले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पिनकोडचाही वाढदिवस तोच, तेवीस वर्षांच्या अंतराने.

सुरुवातीच्या काळात वेबवरचा पत्ता म्हणजे दूरच्या संगणकावरील एखाद्या फाइलचे ठिकाण असे. कपाट, कप्पा, फाइल. त्यातही एक विलोमपणा आहे. सरकारी संकेतस्थळाचे नाव पाहा: 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'. यात सर्वांत मोठा 'इन', म्हणजे भारत, शेवटी येतो. पण तिरप्या रेघेनंतरचा भाग मोठ्याकडून लहानाकडे जातो. म्हणजे एकाच पत्त्यात पाकिटाची रीतही आहे आणि पिनकोडचीही!

या पद्धतीत नऊ तालुक्यांच्या पावसाची पाने हवी असतील तर नऊ फाइली लिहून ठेवाव्या लागत. रोजचा पाऊस हवा तर रोज नऊ. हे चालण्यासारखे नव्हते. १९९३ च्या सुमारास एक सोय झाली. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लिहायचे आणि त्यापुढे रिकाम्या जागांची मूल्ये द्यायची:

/पाऊस?तालुका=खेड&वर्ष=२०२४

दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, ही मूल्ये वाचून त्या क्षणी पान तयार करून देऊ लागला. फाइल शोधून देणारा कारकून आता मागणीप्रमाणे उतारा लिहून देऊ लागला म्हणा ना.

पुढची पायरी २००४ साली आलेल्या 'रूबी ऑन रेल्स' या फ्रेमवर्कमुळे बरीच लोकप्रिय झाली. फ्रेमवर्क म्हणजे कार्यक्रम रचण्यासाठीची तयार चौकट. येथे रिकामी जागा थेट वाटेतच ठेवता येई. साचा असा:

/तालुका/:नाव/पाऊस

अपूर्णविरामाच्या चिन्हाने सुरू होणारा तुकडा म्हणजे रिकामी जागा. '/तालुका/खेड/पाऊस' असा पत्ता आला की यंत्रणा तो साच्याशी ताडून पाहते. 'तालुका' आणि 'पाऊस' हे ठरीव शब्द जुळले, मधल्या जागेत 'खेड' सापडले. मग नाव = खेड अशी चिठ्ठी करून ती योग्य कार्यक्रमाकडे जाते. साचा एकच, गावे कितीही.

पान हरवते तेव्हा

एवढ्यात एक नवीच अडचण उभी राहिली. २००४-०५ च्या सुमारास जीमेल, गूगल नकाशे अशा सेवा आल्या. त्यांत प्रत्येक वेळी सबंध पान नव्याने मागवायचे नसे. पान तेच राहायचे आणि त्याच्यातला आवश्यक तेवढा भाग बदलायचा. काम झटपट होऊ लागले. पण पान बदलत नाही, तर पत्ता तरी का बदलेल?

याचे परिणाम काय होतात ते पाहा. शिक्षकाने पंधरा मिनिटे खटपट करून रत्नागिरीच्या पावसाचा हवा तो आलेख पडद्यावर आणला. तो पत्ता त्याने देवरुखच्या मित्राला पाठवला. मित्राने उघडला तर समोर नुसते मुखपृष्ठ. 'मागे' जाण्याचे बटण दाबले तर आधीचा आलेख येण्याऐवजी संकेतस्थळातूनच बाहेर. वीज गेली आणि परत आली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपण कुठे होतो हे पत्त्यात नसल्यामुळे ते कुठेच उरले नव्हते.

प्रथम यावर एक युक्ती निघाली. पत्त्यात # हे चिन्ह आले तर त्यापुढचा मजकूर ब्राउझर स्वतःजवळच ठेवतो, सर्व्हरकडे पाठवत नाही. ही सोय मुळात लांबलचक पानातल्या विशिष्ट परिच्छेदावर जाण्यासाठी होती. कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी त्या जागेत आपली वाट लिहायला सुरुवात केली. पुढे २०१० च्या आसपास ब्राउझरमध्येच अशी सोय झाली, की पान नव्याने न मागवता पत्त्याची ओळ बदलता यावी आणि 'मागे-पुढे' ही बटणेही नीट चालावीत.

पत्ता ताडून पाहण्याचे काम आता सर्व्हरकडून वाचकाच्या समोरच्या ब्राउझरमध्ये आले. २०१० साली बॅकबोन आणि अँग्युलरजेएस, २०१३ साली रिअ‍ॅक्ट, २०१४ साली एव्हान यू यांचे व्ह्यू, अशी साधने एकामागून एक आली. ती स्वतः किंवा त्यांच्या जोडीची साधने हे काम करतात. वाट ठरवणाऱ्या या भागाला राउटर म्हणतात. आधुनिक पान हे लहान लहान घटकांचे बनलेले असते: मथळ्याचा घटक, यादीचा घटक, आलेखाचा घटक. पत्ता पाहून कोणता घटक रंगमंचावर आणायचा हे राउटर ठरवतो, आणि पत्त्यातल्या रिकाम्या जागेत सापडलेले मूल्य त्याच्या हाती देतो.

एका वाटेत दुसरी वाटही असू शकते. '/जिल्हा/रत्नागिरी/तालुका/खेड' या पत्त्यातला पहिला भाग जिल्ह्याचा घटक घेतो आणि उरलेला आपल्या पोटातल्या तालुक्याच्या घटकाकडे सोपवतो. ही रीत आपल्या ओळखीची आहे. टपालाच्या मुक्कामांनी अंक वाटून घ्यावेत तशीच ही.

मूल्य हाती देण्याच्या तीन रीती

घटकापर्यंत माहिती पोचवण्याचे मुख्य मार्ग तीन.

पहिला, वाटेतली रिकामी जागा. ज्याच्याशिवाय वस्तू ओळखूच येणार नाही ते इथे लिहायचे: तालुक्याचे नाव, विद्यार्थ्याचा क्रमांक.

दुसरा, प्रश्नचिन्हापुढची जोडमाहिती. वस्तू तीच, पण कशी पाहायची ते इथे सांगायचे: कोणते वर्ष, कोणत्या क्रमाने, यादीतले कितवे पान. ही नसली तरी घटकाने नेहमीचे काहीतरी दाखवावे.

तिसरा, पत्त्यात न लिहिता एका पानाकडून दुसऱ्याकडे हातोहात दिलेली माहिती. ही तात्पुरत्या कामापुरती ठीक. पण दुवा दुसऱ्याला पाठवला तर ती सोबत जात नाही.

सातबाऱ्याचे उदाहरण घ्या. नुसता 'सर्व्हे नंबर ४५, हिस्सा नंबर २' सांगून तलाठी उतारा देऊ शकेल का? तो आधी गाव विचारेल. गावाच्या आधी तालुका, तालुक्याच्या आधी जिल्हा. हे सगळे वाटेचे तुकडे, कारण त्यांतला एक जरी गळला तरी जमीन बदलते. उतारा मोठ्या अक्षरांत हवा की लहान, ही मात्र प्रश्नचिन्हापुढची गोष्ट.

घटकाने मूल्य कसे घ्यावे यालाही इतिहास आहे. सुरुवातीला घटक स्वतःच राउटरकडे जाऊन 'सध्याची वाट काय? तिच्यातले नाव कोणते?' असे विचारत. काम होई, पण तो घटक त्या वाटेला बांधला जाई. दुसऱ्या पानात, जिथे वाटेत नावच नाही, तिथे तो वापरता येत नसे. पुढे व्ह्यूच्या राउटरमध्ये अशी सोय झाली, की राउटरनेच मूल्य काढून घटकाच्या हाती द्यावे. घटकाला एवढेच ठाऊक असते की मला एक नाव हवे. ते कोणत्या वाटेने आले याची त्याला पर्वा नसते. अँग्युलरच्या राउटरमध्ये अशी थेट सोय २०२३ साली आली. घरातल्या माणसाला पत्र मिळाल्याशी मतलब. ते सातारामार्गे आले की कोल्हापूरमार्गे, हे माहीत नसले तरी त्याचे वाचायचे अडत नाही.

नेहमीच्या तीन चुका

पहिली चूक आकड्यांची. पत्त्यातून येणारे मूल्य नेहमी मजकूर असते, संख्या नव्हे. मजकुराच्या दृष्टीने '७' ला '१' जोडले की '७१' होतात, ८ नव्हे. मजकुराच्या क्रमाने लावले तर '१०' हा '९' च्या आधी येतो. उलट बाजूनेही फसगत होते. रत्नागिरीचा दूरध्वनी संकेतांक ०२३५२. तो संख्या समजून साठवला की पुढचे शून्य गळते आणि फोन लागत नाही. आकड्यांत लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते, हे सातवी-आठवीच्या वर्गात सांगण्यासारखे आहे. मुलांना विचारा: दोन गावांच्या पिनकोडची सरासरी काढली तर तिला काही अर्थ आहे का?

दुसरी चूक जुनी चिठ्ठी धरून बसण्याची. समजा वाचक '/तालुका/खेड' या पानावर आहे. तिथून त्याने '/तालुका/चिपळूण' वर टिचकी मारली. साचा तोच, म्हणून राउटर बहुधा नवा घटक आणत नाही. रंगमंचावर उभा असलेलाच घटक ठेवतो आणि फक्त चिठ्ठी बदलतो. घटकाने जन्मताना एकदाच चिठ्ठी वाचली असेल, तर पत्त्याच्या ओळीत चिपळूण दिसते आणि पडद्यावर पाऊस मात्र खेडचाच राहतो. अशी चूक फार घातक, कारण पान कोरे दिसत नाही, व्यवस्थित दिसते. यावर उपाय म्हणजे चिठ्ठी बदलते का यावर घटकाने सतत लक्ष ठेवणे आणि ती बदलताच माहिती नव्याने मागवणे.

तिसरी चूक सर्वांत गंभीर. शाळेच्या निकालाचा पत्ता '/विद्यार्थी/२३/गुणपत्रक' असा असला, तर जिज्ञासू मूल २३ च्या जागी २४ लिहून पाहणारच. शेजारच्या मुलीचे गुण दिसले तर दोष कुणाचा? साच्यात काही चूक नाही. चूक ही, की मागणाऱ्याला ते पाहण्याचा अधिकार आहे का, हे कुणी विचारलेच नाही. पाकिटावर कुणीही कोणाचाही पत्ता लिहू शकतो. त्यामुळे त्याला त्या घरात शिरायची परवानगी मिळत नाही. ही तपासणी ब्राउझरमधल्या घटकावर सोडून भागत नाही. तो तर वाचकाच्याच हातात असतो. ती सर्व्हरनेच केली पाहिजे. त्याचप्रमाणे परवलीचा शब्द किंवा आधार क्रमांक पत्त्यात कधीही लिहू नये. पत्ते ब्राउझरच्या आठवणीत राहतात, सर्व्हरच्या नोंदवहीत राहतात, एकाकडून दुसऱ्याकडे पाठवले जातात. पत्ता म्हणजे पोस्टकार्ड. वाटेतला प्रत्येक जण ते वाचू शकतो.

आणि आपली लिपी?

पिनकोडने लिप्यांची अडचण अंकांवर सोपवून सोडवली. वेबने काय केले? रिकाम्या जागेत देवनागरी शब्द चालतो, पण प्रवासाला निघण्यापूर्वी त्याचे रूपांतर करावे लागते. 'रत्नागिरी' या शब्दात संगणकाच्या हिशेबाने ९ चिन्हे आहेत: र, त, हलन्ताचे चिन्ह, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी. प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे २७ बाइट. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन रोमन अक्षरे किंवा अंक मिळून लिहिला जातो. म्हणून चार अक्षरी रत्नागिरी ८१ खुणांची होऊन प्रवास करते आणि मुक्कामी पुन्हा चार अक्षरी होते. मराठी बातमीचा दुवा कुणी पाठवला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, ती हीच.

वर्गात करून पाहा

सहा मुलांना ओळीने उभे करा. पहिल्याच्या हाती सहा अंकांची चिठ्ठी द्या. प्रत्येकाने फक्त आपला अंक वाचायचा, त्यावरून पुढचे मूल निवडायचे आणि चिठ्ठी सोपवायची. मग एक अंक मुद्दाम चुकवा. पहिला चुकवला तर चिठ्ठी किती दूर जाते? शेवटचा चुकवला तर किती? कोणत्या अंकाची चूक सर्वांत महाग पडते याची चर्चा मुले आपणहून करतील.

दुसरा उपक्रम घरचा. आजी-आजोबांच्या ट्रंकेत जुनी पाकिटे असतील तर ती मागून आणायला सांगा. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख पाहा आणि १९७२ च्या आधीची व नंतरची पाकिटे वेगळी करा. आधीच्या पत्त्यात जिल्ह्याखेरीज आणखी काय काय लिहिलेले आहे? 'अमुक दुकानाजवळ', 'तमुक यांच्या मार्फत' असे शब्द कितीदा येतात? त्या शब्दांचे काम आज कोण करते? आणि कोणते काम अजूनही पोस्टमनच्या ओळखीवरच चालते? तुमच्या वाडीत पत्र वाटणाऱ्या पोस्टमनना एक दिवस वर्गात बोलवा. पिनकोडचे सहाही अंक वाचून संपल्यानंतर, सड्यावरच्या शेवटच्या घरापर्यंतची वाट ते कशी शोधतात, हे त्यांच्याकडूनच ऐकण्यासारखे आहे.